आरोग्यसंपदा : मलनियंत्रणाचा विकार आणि मूलपेशी-उपचाराची कसोटी

चातुर्मासातील प्रवचनाच्या मंडपात वडीलधाऱ्यांसाठी पुढची जागा राखलेली असते. तरीही एखादी वयोवृद्ध श्राविका रोज दाराजवळचाच कोपरा धरून बसते आणि मांगलिक होण्यापूर्वीच हळूच उठून जाते. घरच्यांना वाटते, गुडघे दुखत असतील. पुढे तिचे सामायिक सुटते, कारण दोन घडी, म्हणजे ४८ मिनिटे, एका आसनावर स्थिर बसता येईल असा भरवसा तिला उरलेला नसतो. पूजेचे वस्त्र नेसण्याचे ती टाळते. संघाची यात्रा निघाली की "यंदा नको" म्हणते. खरे कारण ती सुनेलाही सांगत नाही. मुलाला सांगणे तर दूरच. मलविसर्जनावरचा ताबा सुटलेला असतो आणि ज्या घरात शुद्धीचा एवढा विचार होतो, त्या घरात हे बोलावे कसे, हा तिच्यापुढचा प्रश्न असतो.

हा विकार केवळ स्त्रियांचा नाही. पेढीवर गिऱ्हाईक समोर असताना गादीवरून दोनदा उठून जावे लागणारे, परगावची खरेदी मुलाकडे सोपवून मोकळे झालेले शेठजीही याच विकाराचे असू शकतात. अमेरिकेतील एका राष्ट्रव्यापी पाहणीत प्रौढांपैकी सुमारे ८ टक्के लोकांनी, आणि सत्तरी ओलांडलेल्यांपैकी सुमारे १५ टक्के लोकांनी, महिन्यातून निदान एकदा असे होत असल्याचे सांगितले. स्त्री आणि पुरुष यांच्या प्रमाणात फारसा फरक आढळला नाही. म्हणजे शंभर घरांचा संघ असेल, तर हा विकार त्यातील काही घरांत असणारच. बोलले जात नाही, म्हणून तो नाही असे वाटते, एवढेच.

अलीकडे या विकारावर मूलपेशींचा, ज्यांना सर्वजण स्टेम सेल म्हणून ओळखतात त्यांचा, उपचार निघाल्याच्या बातम्या मोबाइलवरून घरोघर पोहोचतात. त्यात तथ्य किती आणि त्याची परीक्षा कशी झाली, हे पाहण्यापूर्वी शरीराची रचना थोडी समजून घ्यावी लागेल.

मलाशयाच्या तोंडाशी स्नायूंची दोन वर्तुळे एकात एक बसविलेली असतात. आतले वर्तुळ आपोआप चालते. माणूस झोपलेला असतानाही ते मिटलेले असते आणि त्यावर मनाचा हुकूम चालत नाही. बाहेरचे वर्तुळ इच्छेच्या अधीन असते. वेग आला आणि जागा योग्य नसली, तर माणूस आवळून धरतो ते हेच. त्यांच्या वरच्या अंगाला ओटीपोटाच्या तळाचा एक स्नायू मलाशयाला गोफणीसारखा पुढे ओढून ठेवतो. या साऱ्यांना चालविणारे मज्जातंतू असतात, आणि आलेला पदार्थ घट्ट आहे, पातळ आहे की नुसता वायू आहे हे ओळखण्याची सूक्ष्म जाण त्या भागाच्या अस्तराला असते. आतले वर्तुळ दुबळे झाले तर नकळत पाझर होतो. बाहेरचे फाटले तर वेग कळतो, पण धरवत नाही. रुग्णाने डॉक्टरांना हा एवढा फरक नीट सांगितला, तरी निदानाचे अर्धे काम होते.

हे स्नायू फाटतात बहुधा प्रसूतीत. मूल मोठे असले, चिमटा लावावा लागला किंवा प्रसूती फार लांबली, तर जखम गुदद्वाराच्या वर्तुळापर्यंत जाते. १९९३ साली लंडनच्या डॉक्टरांनी बाळंतिणींची सोनोग्राफी करून एक निबंध प्रसिद्ध केला. पहिल्यांदा नैसर्गिक मार्गाने प्रसूत झालेल्या ७९ स्त्रियांपैकी २८ जणींच्या वर्तुळात सहा आठवड्यांनंतर कोठे ना कोठे खंड दिसला. त्यांतील अनेकींना तेव्हा काहीच त्रास नव्हता. तरुणपणी बाकीचे स्नायू ती उणीव भरून काढतात. पाळी गेल्यानंतर आणि वय वाढल्यावर तो आधार कमी होतो, आणि तीस वर्षांपूर्वीची जखम साठीत डोके वर काढते. त्यामुळे सासूबाईंच्या आजच्या त्रासाचे मूळ त्यांच्या पहिल्या बाळंतपणात असू शकते, हे कोणाच्या लक्षात येत नाही. मूळव्याध, भगंदर किंवा गुदद्वाराच्या चिरेवरील शस्त्रक्रिया, दीर्घकाळचा मधुमेह, पक्षाघात आणि मणक्याचे विकार ही आणखी काही कारणे होत.

फाटलेले वर्तुळ शिवता येते. शिवणाचा परिणाम पहिली काही वर्षे चांगला असतो आणि पुढे तो पुष्कळ रुग्णांत ओसरत जातो. १९९५ मध्ये जर्मनीतील एर्लांगन येथील डॉक्टरांनी माकडहाडाजवळच्या मज्जातंतूला बारीक विद्युत्प्रवाह देणारे यंत्र बसविण्याची पद्धत या विकारासाठी प्रसिद्ध केली. ती अनेकांना उपयोगी पडते, परंतु यंत्र महाग आहे. अशा स्थितीत झिजलेला स्नायू शरीराकडूनच पुन्हा भरून घेता येईल काय, हा विचार वैद्यकाला सुचणे स्वाभाविक होते.

त्या विचाराची मुळे १९६१ सालातील आहेत. अमेरिकेत अलेक्झांडर मॉरो यांना बेडकाचा स्नायू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना स्नायूतंतूच्या कडेला चिकटून बसलेल्या काही लहान पेशी दिसल्या. त्यांना त्यांनी उपग्रह-पेशी असे नाव दिले. एरवी त्या निद्रिस्त असतात. स्नायूला इजा झाली की जाग्या होतात, वाढतात आणि नवा तंतू तयार करतात. व्यायामाने दुखावलेला दंड काही दिवसांत पूर्ववत होतो, तो यांच्यामुळे. या स्नायूच्या स्वतःच्या मूलपेशी होत. येथे एक गैरसमज दूर व्हावा. स्टेम सेल म्हटले की पुष्कळांच्या मनात भ्रूणापासून काढलेल्या पेशी येतात आणि अहिंसेच्या विचाराने ते पुढे ऐकतच नाहीत. ज्या उपचाराची ही हकीकत आहे, त्यात भ्रूणाचा संबंध येत नाही. पेशी त्या रुग्णाच्या स्वतःच्याच शरीरातून घेतात.

पद्धत ऐकायला सोपी वाटते. छातीच्या, दंडाच्या किंवा मांडीच्या स्नायूचा एक लहान तुकडा भूल देऊन काढतात. प्रयोगशाळेत त्यातील या पेशी वेगळ्या करून काही आठवडे वाढवितात. शुद्धता आणि जंतुरहितता तपासली, की सोनोग्राफीवर पाहत पाहत सुईने त्या गुदद्वाराच्या बाहेरच्या वर्तुळात सोडतात. पोट उघडावे लागत नाही, टाके पडत नाहीत.

ऑस्ट्रियातील ग्राझ येथे प्रसूतीमुळे इजा झालेल्या १० स्त्रियांवर हा प्रयोग झाला आणि २०१० मध्ये त्याचा वर्षभराचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. या विकाराची तीव्रता मोजण्यासाठी डॉक्टर एक गुणपत्रिका वापरतात. घट्ट मल, पातळ मल, वायू, घडी किंवा पॅड वापरण्याची गरज आणि रोजच्या जगण्यात पडलेला फरक अशा पाच बाबींना प्रत्येकी ० ते ४ गुण देतात. एकूण २० म्हणजे पूर्ण ताबा गेलेला, आणि ० म्हणजे निरोगी. ग्राझच्या स्त्रियांचे गुण वर्षभरात सरासरी १३.७ ने उतरले. हा आकडा कोणालाही चकित करील. सुईच्या काही टोचण्यांनी वर्षानुवर्षांचे दुःख गेले, असाच अर्थ कोणी लावील, आणि बातम्यांनी तो तसाच लावला.

पण त्याच वृत्तांतात एक गोष्ट होती, जी बातमीत आली नाही. आवळून धरण्याचा जोर यंत्राने मोजला असता तो पूर्वीइतकाच भरला. स्नायू बळकट व्हावा म्हणून पेशी घातल्या. रुग्णांना फार बरे वाटले. आणि स्नायूचा जोर मात्र वाढलेला दिसला नाही. मग सुधारणा झाली ती कशामुळे?

व्यापारी घरांत हा प्रश्न समजावून सांगण्याची गरज पडू नये. तेलाचा डबा काट्यावर ठेवण्यापूर्वी दुकानदार रिकाम्या डब्याचा धडा करतो. धडा न करता तोलले तर काटा खोटे बोलत नाही, पण त्याने दाखविलेल्या वजनात तेल किती आणि डबा किती हे कळत नाही. ग्राझच्या प्रयोगात धडा केलेला नव्हता. दहाही जणींना खरा उपचार मिळाला होता. उपचाराविना, परंतु तशाच सुईने आणि तशाच देखरेखीने किती सुधारणा झाली असती, हे ताडून पाहायला दुसरे पारडे नव्हते. पहिला प्रयोग असाच असतो. उपचाराने अपाय होत नाही ना, एवढेच त्यात प्रामुख्याने पाहायचे असते, आणि त्या दृष्टीने तो योग्यच होता. चूक झाली ती त्यातून बरे होण्याचा निकाल काढणाऱ्यांची.

धडा करून तोललेला प्रयोग फ्रान्समधील रुआँ येथे झाला. त्याचा वृत्तांत २०१८ मध्ये शस्त्रक्रियाशास्त्राच्या एका मान्यवर नियतकालिकात आला. तीव्र विकार असलेले २४ रुग्ण निवडून चिठ्ठी टाकावी त्याप्रमाणे त्यांचे १२-१२ चे दोन गट केले. एका गटाच्या वर्तुळात त्यांच्या स्वतःच्या वाढविलेल्या पेशी सोडल्या. दुसऱ्या गटाला दिसायला तसाच, पण पेशी नसलेला द्रव टोचला. यालाच प्लासिबो म्हणतात. सुई सर्वांना सारखीच. आपल्याला काय मिळाले हे रुग्णाला कळू दिले नाही. प्लासिबो मिळालेल्यांना पुढे त्यांच्या गोठवून ठेवलेल्या पेशी घेण्याची मुभा होती, त्यामुळे कोणी वंचित राहिले असेही झाले नाही.

निकाल सहा महिन्यांनी पाहायचा, असे आधीच ठरले होते. सहा महिने झाले. पेशी मिळालेल्या गटाचे गुण १५ वरून ९ वर आले होते. ज्यांना नुसताच द्रव मिळाला होता, त्यांचे गुण १५ वरून १० वर आले होते.

या दोन आकड्यांकडे वाचकाने थोडे थांबून पाहावे. दुसरा गट नसता, तर '१५ वरून ९' हा मोठा विजय म्हणून जगभर गेला असता. रुग्णांनी खोटे सांगितले नव्हते. प्लासिबो मिळालेल्या त्या बाराजणांचाही त्रास खरोखरच कमी झाला होता. असे का होते, याची कारणे गूढ नाहीत. रुग्ण डॉक्टरांकडे येतो तो त्रास अगदी टोकाला गेल्यावर. या विकाराला चढउतार असतो, त्यामुळे टोकानंतर काहीसा उतार येतोच. चाचणीतील रुग्णाची वरचेवर विचारपूस होते, नोंदी ठेवल्या जातात, त्यामुळे तो आहार आणि शौचाच्या वेळा सांभाळू लागतो. वर्षानुवर्षे मनात कोंडलेले दुःख प्रथमच कोणापुढे बोलायला मिळते. शिवाय आशा असते. आशेचा परिणाम मज्जातंतूंवर होतोच, आणि हे इंद्रिय तर मनाच्या धास्तीने बिघडणारे आहे.

बारा महिन्यांनी मात्र चित्र पालटले. पेशींच्या गटाचे गुण आणखी उतरून ६.५ झाले, तर प्लासिबोच्या गटाचे पुन्हा १४ वर चढले. चांगला प्रतिसाद देणारे एका बाजूला १२ पैकी ७ होते आणि दुसऱ्या बाजूला १२ पैकी १. आशेचा असर ओसरला आणि पेशींचा टिकला, असा याचा अर्थ होऊ शकतो. नव्या तंतूंची जुळणी होऊन त्यांना मज्जातंतूंचे बळ मिळायला वेळ लागतो, हेही पटण्यासारखे आहे. तरीसुद्धा सौदा ठरला होता सहा महिन्यांचा. ठरलेल्या दिवशी माल उतरला नाही आणि नंतर उतरला, तर व्यापारी तो परत लावील असे नाही, पण पुढच्या सौद्यात सावध राहील. शास्त्रातही हीच रीत आहे. हा निकाल आशादायक म्हणून पुढील मोठ्या चाचण्यांना आधार ठरतो. उपचार सिद्ध झाला असे त्यावरून म्हणता येत नाही. बारा माणसांत दोघांचे इकडचे तिकडे झाले तरी टक्केवारी पार बदलते.

याच स्नायूपेशी मूत्राचा ताबा सुटलेल्या स्त्रियांमध्येही वापरून पाहण्यात आल्या आहेत. त्यांच्या एका मोठ्या चाचणीत २४६ स्त्रिया घ्यायच्या होत्या. १५० घेतल्यावर भरती थांबवावी लागली, कारण प्लासिबो मिळालेल्या स्त्रियांतील सुधारणाच इतकी भरघोस होती की तिच्यापुढे खऱ्या उपचाराला फरक दाखवायला जागाच उरली नाही.

याहून बोधक हकीकत भगंदराची आहे. क्रोन नावाच्या आतड्याच्या विकारात गुदद्वाराजवळ जे चिवट भगंदर होते, त्यासाठी निरोगी दात्याच्या चरबीतून काढलेल्या मूलपेशींचे एक औषध युरोपात तयार झाले. दार्वाडस्ट्रोसेल हे त्याचे नाव. २१२ रुग्णांच्या चाचणीत, धडा करून, ते सुमारे ५० टक्के रुग्णांत लागू पडले. प्लासिबो ३४ टक्क्यांत. २०१८ मध्ये त्याला युरोपीय संघात विक्रीची परवानगी मिळाली. मग ५६८ रुग्णांची दुसरी चाचणी झाली. तीत औषधाने ४८.८ टक्के आणि प्लासिबोने ४६.३ टक्के रुग्ण बरे झाले. फरक विरून गेला. २०२४ च्या अखेरीस ते औषध युरोपच्या बाजारातून मागे घेण्यात आले. एका चाचणीत उत्तीर्ण होऊन, सरकारी परवाना मिळवून, सहा वर्षे विकले गेलेले औषध दुसऱ्या मोठ्या तोलात उणे ठरू शकते. मग जो उपचार अजून सिद्ध झालेला नाही, तो एखादे केंद्र आजच हमी देऊन विकत असेल, तर त्याबद्दल काय समजावे?

हा प्रश्न काल्पनिक नाही. मोठ्या शहरांतून गुडघ्यापासून मेंदूपर्यंत सर्व विकारांवर स्टेम सेल देण्याची जाहिरात करणारी केंद्रे आहेत. त्यांचे गिऱ्हाईक कोण, तर ज्यांच्या हाती पैसा आहे आणि ज्यांना आईवडिलांसाठी काहीही करायची इच्छा आहे, अशी कुटुंबे. ही कुटुंबे कोणत्या समाजात अधिक आहेत, हे सांगायला नको. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि केंद्र सरकारचा जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २०१७ साली मूलपेशी-संशोधनाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत. त्यांतील भूमिका स्पष्ट आहे. रक्ताच्या ठराविक विकारांसाठी होणारे अस्थिमज्जा किंवा रक्तपेशी-रोपण हाच मान्य उपचार. बाकी कोठल्याही विकारासाठी मूलपेशी द्यायच्या असतील तर त्या मान्यताप्राप्त चाचणीतच दिल्या पाहिजेत. बाळाच्या नाळेचे रक्त पुढेमागे त्यालाच उपयोगी पडेल म्हणून खाजगी पेढीत साठवून ठेवण्यालाही त्या तत्त्वांनी शास्त्रीय आधार मानलेला नाही. बारशाच्या खर्चात ही रक्कम मुकाट्याने जमा धरणाऱ्या आजोबांनी हे लक्षात घ्यावे.

चाचणी खरी आहे की नाही, हे ओळखणे व्यापारी माणसाला अवघड नाही. खऱ्या चाचणीची नोंद भारतीय क्लिनिकल ट्रायल रजिस्ट्रीत असते. २००९ पासून ती सक्तीची आहे, तिला क्रमांक असतो आणि ती कोणालाही पाहता येते. तिला नैतिकता समितीची संमती असते. रुग्णाला त्याच्या भाषेत लेखी माहिती मिळते, नको वाटले तर केव्हाही बाहेर पडता येते, आणि चाचणीमुळे इजा झाल्यास उपचार व भरपाई देण्याचे बंधन २०१९ च्या नियमांनी घातलेले आहे. सर्वांत मोठी खूण पैशाची. चाचणीत असलेल्या उपचारासाठी रुग्णाकडून लाखांनी रक्कम मागितली जात असेल, तर ती चाचणी नव्हे, विक्री आहे. पावतीवर काय लिहिले आहे, एवढे पाहिले तरी पुरे.

अहिंसेचा प्रश्न भ्रूणापाशी सुटला, तरी तो संपत नाही. प्रयोगशाळेत पेशी वाढविताना त्यांना पोषक द्रव लागतो आणि त्यात वासराच्या गर्भाच्या रक्तातून काढलेला सीरम घालण्याची जुनी प्रथा आहे. असा सीरम न लागणारे पोषक द्रवही आता मिळतात, पण ते प्रत्येक ठिकाणी वापरले जातातच असे नाही. अशा उपचारांची पूर्वतयारी प्राण्यांवरही होते. अमेरिकेत सशांच्या शरीरात प्रयोगशाळेत घडविलेली गुदद्वाराची वर्तुळे बसवून पाहिली गेली आहेत. औषधाची कॅप्सूल कशाच्या आवरणाची आहे हे विचारणाऱ्या समाजाने पेशी कशात वाढविल्या हेही अवश्य विचारावे. संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी हा प्रश्न विचारण्याचा रुग्णाला पूर्ण अधिकार आहे आणि प्रामाणिक संशोधक त्याचे उत्तर देतो. त्या उत्तरानंतर काय करावे, हे ज्याचे त्याने आपल्या व्रतांच्या मर्यादेत आणि गुरुजनांच्या सल्ल्याने ठरवायचे आहे. कोणी नकार दिला तर त्याला अडाणी म्हणू नये आणि कोणी होकार दिला तर त्याला बोल लावू नये.

दाराजवळ बसणाऱ्या त्या श्राविकेने मात्र मोठ्या चाचण्या पूर्ण होण्याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. पुष्कळ रुग्णांना साध्या उपायांनीच मोठा उतार पडतो, आणि रुआँच्या प्लासिबो-गटाने काही सांगितले असेल तर ते हेच, की नीट लक्ष दिले गेले तरी हा त्रास हलतो.

प्रथम पंधरा दिवसांची वही करावी. जमाखर्चाच्या वहीसारखीच, तारीखवार. केव्हा झाले, कळून झाले की नकळत, मल घट्ट होता की पातळ, त्याआधी काय खाल्ले, कोणते औषध घेतले. अनेकदा या वहीतच कारण सापडते. रात्री नियमाने घेतले जाणारे चूर्ण, मधुमेहासाठीची मेटफॉर्मिन, न पचणारे दूध, साखर वर्ज्य म्हणून खाल्ली जाणारी कृत्रिम गोडीची मिठाई, यांपैकी काहीही मल पातळ करते, आणि पातळ मल दुबळ्या स्नायूला धरवत नाही. मेटफॉर्मिन आपल्या मनाने बंद करू नये. डॉक्टरांना सांगितले तर ते प्रकार किंवा मात्रा बदलून देऊ शकतात. याच्या उलट, वृद्धांत घट्ट मलाचा गोळा मलाशयात अडकतो आणि त्याच्या कडेने पातळ मल झिरपत राहतो. त्याला जुलाब समजून जुलाब थांबविण्याचे औषध दिले, तर दुखणे वाढते. हे केवळ तपासणीनेच कळते, म्हणून तपासणीला लाजू नये. स्त्री-डॉक्टर हवी असे सांगण्यात काहीच वावगे नाही.

इसबगोल हे फार उपयोगी आहे, कारण ते घट्ट मल मऊ करते आणि पातळ मलाला आकार देते. मात्र ते भरपूर पाण्याबरोबरच घ्यावे. चौविहार पाळणाऱ्यांनी ते झोपताना घेण्याऐवजी सूर्यास्तापूर्वी, पाणी पिण्यास पुरेसा अवधी ठेवून घ्यावे. अष्टमी-चतुर्दशीला आणि पर्युषणात हिरवी भाजी सुटते, आयंबिलाच्या ओळीत आहार अगदीच रूक्ष होतो. त्या दिवसांत तंतू कमी पडून मलावरोध होतो आणि पारण्यानंतर पोट एकदम सैल होते. ज्यांना हा विकार आहे, त्यांनी तपश्चर्येपूर्वी डॉक्टरांशी आणि महाराजसाहेबांशी, दोघांशीही मोकळेपणाने बोलावे.

सकाळी गरम पाणी किंवा नाश्ता घेतल्यानंतर आतड्याला आपोआप चालना मिळते. त्या वेळी घाई न करता, न कुंथता शौचाला बसण्याची सवय लावावी, म्हणजे पुढचा दिवस बराचसा निर्धोक जातो. ओटीपोटाच्या तळाचा व्यायाम घरी करता येतो. वायू रोखताना जो स्नायू आवळतो, तोच श्वास न कोंडता पाच-दहा सेकंद आवळून धरावा आणि तितकाच वेळ सैल सोडावा. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. निदान तीन महिने केल्याशिवाय फरक पडला की नाही याचा निकाल करू नये. फिजिओथेरपिस्टकडे बायोफीडबॅक नावाचे यंत्र असते, त्यावर योग्य स्नायू आवळला जातो आहे की नाही हे रुग्णाला डोळ्यांनी दिसते. पुष्कळजणी चुकून पोट किंवा मांड्याच आवळत असतात. पोट नुकतेच बदलले असेल, मलाबरोबर रक्त पडत असेल किंवा वजन उतरत असेल, तर मात्र व्यायाम आणि इसबगोल बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जावे.

घरातल्यांनी करण्याजोगे एक काम आहे आणि ते बहुधा सुनेच्याच वाट्याला येते. सासूबाई यात्रेला नाही म्हणाल्या की गुडघ्यांचा विषय न काढता, एकांतात, सरळ विचारावे. "पोटाची काही काळजी वाटते का?" एवढे वाक्य पुरते. पहिल्या दिवशी उत्तर मिळणार नाही. आठवड्याने पुन्हा विचारावे, आणि तोपर्यंत एक कोरी वही व पेन्सिल त्यांच्या उशाशी ठेवून द्यावी.